पायथनसोबत येणारं आयडल बदलायचं का?

पायथन शिकायला घेतलं की पहिल्या आठवड्यातच कोणीतरी सांगतं, आयडल कशाला वापरतोस, व्हीएस कोड टाक. दोन्ही कोड लिहायचे आणि चालवायचे एडिटर, फक्त आयडल पायथनसोबतच येतं. सांगणारा मनापासूनच सांगत असतो, तो स्वतः दिवसभर व्हीएस कोडमध्ये काम करतो त्यामुळे त्याला आयडल बघवत नाही. पण ज्याला अजून लूप कसा फिरतो ते नीट उमगलेलं नाही त्याच्यासाठी हा सल्ला बरोबर आहे का? मी नवीन लोकांना पायथन शिकवते, आयडल, थॉनी आणि व्हीएस कोड हे तिन्ही एडिटर रोज डोळ्यासमोर असतात, त्यामुळे यावर जरा सविस्तरच लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायची गरज नाही. आयडल बदलायचं, पण पहिल्याच दिवशी नाही, डीबगरची, म्हणजे प्रोग्राम एकेक पायरीनं चालवून चूक शोधायच्या सोयीची, गरज पडायला लागली की बदलायचं, आणि बदलताना थेट व्हीएस कोडवर उडी न मारता मध्ये थॉनी घ्यायचं. आणि पायथनच्या इन्स्टॉलरमधूनच आयडल काढून टाका अशी जी मागणी अधूनमधून होते ती मला साफ चुकीची वाटते.

ज्यांनी कधी उघडलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विंडोज किंवा मॅकवर पायथनच्या अधिकृत साइटवरून इन्स्टॉलर घेतला की आयडल सोबतच येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनीच ते लिहायला घेतलं आणि पायथन १.५.२ पासून, म्हणजे १९९९ पासून, ते सोबत मिळतंय. अख्खं आयडल पायथनमध्येच लिहिलेलं आहे, खिडक्या मेनू वगैरे सगळं टीकिंटरमध्ये, आणि टीकिंटरही पायथनबरोबरच येणारी लायब्ररी. दिसायला जुनाट आहे ते यामुळेच आणि साध्यातल्या साध्या, जुन्या मशीनवरही चालतं ते पण यामुळेच. लिनक्सवर मात्र सोबत येतं हे पूर्ण खरं नाही, डेबियन उबुंटूवर आयडलचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, आणि तिथं बऱ्याच जणांना वाटतं आपलं पायथनच अर्धवट बसलंय.

आता कामाचं बोलू. आयडल सुरू केलं की आधी शेल उघडतं, >>> अशी खूण आणि शेजारी लुकलुकणारा कर्सर, बाकी स्क्रीनवर काही नाही. फोल्डर उघडा म्हणत नाही, थीम निवडा म्हणत नाही, कुठलं एक्स्टेन्शन हवंय विचारत नाही. तुम्ही काहीतरी टाइप करता, एंटर मारता, पायथन उत्तर देतं. नवीन माणसाला पहिले काही दिवस नेमकं एवढंच हवं असतं आणि हे देण्यात आयडलइतकं सरळ दुसरं काही मी बघितलेलं नाही.

पण आयडलची खरी ताकद त्याच्या पुढे आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. फाइल लिहिली, एफ५ दाबलं, प्रोग्राम चालून संपला, तरी त्यातली सगळी व्हेरिएबल्स आणि फंक्शन्स शेलमध्ये जिवंत राहतात. म्हणजे समजा मार्कांची सरासरी काढणारं एक फंक्शन लिहिलंय, फाइलमध्ये फक्त फंक्शन आहे, बाकी काही नाही. एफ५ दाबलं की शेलमध्ये रीस्टार्ट अशी एक ओळ येते, खाली परत >>>, आणि आता तुम्ही तिथंच त्या फंक्शनला तीन मार्कांची यादी देऊन बघू शकता, मग एकाच मार्काची, मग रिकामी यादी. रिकामी यादी दिली की शून्यानं भागल्याचा एरर डोळ्यांदेखत येतो आणि शिकणाऱ्याला आपणहून कळतं की अरे इथं आधी तपासायला हवं होतं. त्यासाठी प्रिंट लिहावं लागत नाही, इनपुट मागावं लागत नाही, टेस्ट म्हणजे काय ते माहीत असावं लागत नाही. फाइल सुधारा, परत एफ५, परत विचारा. टर्मिनलमध्ये पायथनला डॅश आय लावून हेच होतं पण ते नवीन माणसाला कोण सांगणार, आणि व्हीएस कोडमध्ये रनचं बटण दाबलं की प्रोग्राम टर्मिनलमध्ये चालतो, संपतो आणि व्हेरिएबल्स त्याच्याबरोबर जातात. तिथं इंटरॅक्टिव्ह विंडो वगैरे आहे, मला माहीत आहे, पण ती आपणहून समोर येत नाही, शोधावी लागते.

शेलची अजून एक गोष्ट. ऑल्ट आणि पी दाबलं (मॅकवर कंट्रोल पी) की आधी लिहिलेली कमांड परत येते, आणि ती ओळ-ओळ येत नाही, चार ओळींचा लूप लिहिला असेल तर चारही ओळी एकदम येतात, मधली ओळ बदला आणि परत चालवा. सुरुवातीची दोन अक्षरं टाइप करून ऑल्ट पी दाबलं तर तशीच सुरू होणारी जुनी कमांड शोधून देतं. टर्मिनलमधल्या पायथनला अख्खा ब्लॉक परत आणणं ३.१३ पर्यंत, म्हणजे ऑक्टोबर २०२४ पर्यंत जमत नव्हतं, एकेक ओळ वर जाऊन उचलावी लागायची. आयडलमध्ये ते आधीपासून होतं.

आणि ३.१० पासून >>> ही खूण शेलच्या मुख्य भागातून काढून डावीकडच्या पट्टीत नेलीय, त्यामुळे कोड कॉपी केला की खुणा सोबत येत नाहीत. वाचताना बारीक बदल वाटतो पण शेलमध्ये जमलेल्या ओळी उचलून फाइलमध्ये टाकताना प्रत्येक ओळीच्या पुढची खूण हातानं काढत बसणारे लोक मी बघितलेत, त्यांना विचारा.

आता खटकणाऱ्या गोष्टी, आणि त्या पुष्कळ आहेत.

वरचा बाण दाबून मागची कमांड येत नाही. जगातल्या जवळपास प्रत्येक शेलमध्ये वरचा बाण म्हणजे मागची कमांड, इथं मात्र कर्सर वरच्या ओळीवर जाऊन बसतो. तिथं एंटर मारलं की ती ओळ खाली प्रॉम्प्टवर येते, म्हणजे सोय आहे, पण कोणाला सुचणार ते? ते बटण बदलता येतं सेटिंगमधून, पण पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये जाणारा माणूस नवीन नसतो. माझ्या मते हे कधीच डिफॉल्ट व्हायला हवं होतं.

शेलमध्ये कुठूनतरी कॉपी केलेल्या दोन तीन सुट्या ओळी एकदम पेस्ट केल्या की सिंटॅक्स एरर येतो, एका वेळी एकच स्टेटमेंट चालतं म्हणून. एररचा मेसेज तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे पण वाचणाऱ्याला वाटतं कोडच चुकलाय, आणि तो बिचारा बरोबर असलेला कोड तपासत बसतो.

प्रत्येक फाइल वेगळ्या खिडकीत उघडते, टॅब नाहीत. एक फाइल असेपर्यंत कळतही नाही. तीन फाइली आणि एक शेल झालं की कुठली खिडकी कशाच्या मागे गेली ते शोधण्यात वेळ जातो. फाइलींची यादी बाजूला दिसत नाही, गिट (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपायची सोय) नाही, लिंटर (न चालवताच कोडमधल्या चुका दाखवणारा) नाही, पॅकेज टाकायची सोय नाही. शेल साफ करायची साधी कमांडसुद्धा नाही, आणि कोणी सांगितलं म्हणून ओएस सिस्टिम सीएलएस चालवून बघितलं तर विंडोजवर एक काळी खिडकी चमकून जाते आणि शेल आहे तसंच राहतं. ओळींचे नंबर सुद्धा २०१९ मध्ये, पायथन ३.८ आलं तेव्हा मिळाले, आणि ते पण ऑप्शन्समध्ये जाऊन चालू करावे लागतात. एरर सांगतो सतराव्या ओळीवर बघ, आणि समोर नंबरच नाहीत, हे वीस वर्षं चाललं.

ऑटोकम्प्लीटचं पण समजून घ्या, कारण त्यावरून आयडलला फार नावं ठेवली जातात. टिंब दिल्यावर यादी यायला डिफॉल्टनं दोनेक सेकंद लागतात, कंट्रोल स्पेस दाबलं तर लगेच येते. पण मूळ फरक वेगळाच आहे, आयडल तुमचा कोड वाचून अंदाज बांधत नाही, चालू असलेल्या पायथनला विचारतं. त्यामुळे फाइल एकदाही चालवलेली नसेल तर तुमच्याच व्हेरिएबलबद्दल त्याला काही माहीत नसतं आणि एफ५ झाल्यावर मात्र ते बरोबर सुचवतं. व्हीएस कोडमधलं पायलान्स नावाचं एक्स्टेन्शन कोड वाचून सुचवतं, चालवायची गरज नाही. मोठ्या कामाला दुसरी पद्धत निर्विवाद चांगली. शिकताना, खरं सांगायचं तर, कमी सुचवलेलं बरं, फंक्शनचं नाव स्वतः टाइप केलं की ते लक्षात राहतं. आणि आता एआय अख्ख्या ओळी करड्या रंगात पुढे लिहून ठेवतं, ते तर पहिल्या काही महिन्यांत बंदच ठेवा, आयडलमध्ये ते नाहीच ही मला त्याची जमेची बाजू वाटते.

आउटपुटच्या बाबतीत एक लक्षात ठेवा की आयडलचं शेल म्हणजे टर्मिनल नव्हे. २००३ च्या पायथन २.३ पासून तुमचा प्रोग्राम वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो आणि त्याचं आउटपुट सॉकेटवरून आयडलकडे येतं. हा बदल फार मोलाचा होता, प्रोग्राम अडकला तरी आयडल अडकत नाही, कंट्रोल सी मारा, नाहीतर कंट्रोल एफ६ नं शेल रीस्टार्ट करा. पण त्यामुळे हजारो ओळी प्रिंट करणारा प्रोग्राम टर्मिनलपेक्षा हळू वाटतो, रंगांचे कोड चालत नाहीत, एकाच ओळीवर सरकणारा प्रोग्रेस बार दिसत नाही. पन्नासपेक्षा जास्त ओळी एकदम आल्या तर आयडल त्या एका छोट्या बटणात घडी करून ठेवतं, त्यावर डबल क्लिक केलं की उलगडतात. हे छान आहे, पण माहीत नसलं तर माणूस आउटपुट कुठं गेलं म्हणून शोधत बसतो.

टीकिंटर शिकणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. आयडलचं शेल मागच्या मागे टीकिंटरचे इव्हेंट हाताळत असतं, त्यामुळे मेनलूप लिहायचा राहिला तरी तुमची खिडकी आयडलमध्ये मस्त चालते. तीच फाइल डबल क्लिक करून उघडली की खिडकी दिसायच्या आत गायब. म्हणून जीयूआय प्रोग्राम कोणाला द्यायच्या आधी एकदा आयडलच्या बाहेर चालवून बघाच.

आणि फाइलच्या नावाचं. रँडम मॉड्यूल शिकताना माणूस फाइलला नाव काय देणार? रँडम डॉट पीवाय. झालं, आता त्या फोल्डरमधून रँडम इम्पोर्ट केलं की पायथनचं रँडम न येता तुमचीच फाइल येते आणि भलतेच एरर यायला लागतात. हा घोळ कुठल्याही एडिटरमध्ये होतो पण आयडल स्वतःच पायथनमध्ये असल्यामुळे त्याला लागणाऱ्या मॉड्यूलचंच नाव तुम्ही घेतलंत तर आयडलचा प्रोग्राम चालवणारा भागच उभा राहत नाही, कनेक्शन झालं नाही असा मेसेज येतो आणि लोक पायथन अनइन्स्टॉल करून परत टाकतात. फाइलचं नाव बदला, बाकी काही करायची गरज नाही. आयडलच्या मदतीच्या पानावर हे लिहिलेलंय, पण ज्याला हा एरर आलाय तो ते पान उघडत नाही.

एवढं सगळं मी चालवून घेते. डीबगरपाशी मात्र घोडं पेंड खातं.

आयडलचा डीबगर शोधणं हेच एक काम आहे, तो एडिटरच्या मेनूत नाही, शेलच्या मेनूत आहे. आधी शेलमध्ये जाऊन डीबगर चालू करायचा, मग फाइलच्या खिडकीत येऊन एफ५ दाबायचं, मग एक तिसरी खिडकी उघडते तिच्यात गो, स्टेप, ओव्हर, आउट अशी बटणं. फाइलमधली चालू ओळ रंगवून दाखवायची असेल तर सोर्स नावाच्या चौकटीत टिक करायची. नवीन माणूस साहजिकच स्टेप दाबतो, कारण त्याला एकेक पायरी बघायचीय. आणि प्रिंटच्या ओळीवर स्टेप दाबलं की तो बऱ्याचदा आयडलच्याच आतल्या कोडमध्ये जाऊन पडतो, कारण प्रिंटचं आउटपुट शेलपर्यंत पोचवणारा कोड पण पायथनमध्येच लिहिलेला आहे. समोर एकदम अनोळखी फाइल, अनोळखी फंक्शन्स, आपला प्रोग्राम कुठं गेला कळत नाही. ओव्हर दाबायचं असतं, पण हे ज्याला माहीत आहे त्याला डीबगर शिकवायची गरज नाही. ज्याच्यासाठी हा एडिटर बनवलाय नेमका त्याच माणसाला डीबगरची भीती बसते आणि मग तो पुढे कित्येक महिने प्रिंट टाकून-टाकूनच चुका शोधतो. आयडल बदलायचं कारण हेच, बाकीचे मुद्दे दुय्यम.

आता थॉनी. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात आइवार अन्नामा यांनी ते शिकणाऱ्यांसाठीच बनवलं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि गंमत म्हणजे ते पण टीकिंटरमध्येच लिहिलंय. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवाल्यांनी २०१७ पासून आपल्या सिस्टिममध्ये थॉनी द्यायला सुरुवात केली, आणि आज तिथं पायथन म्हटलं की थॉनीच उघडतं.

थॉनीचा डीबगर एकदा बघाच. फॅक्टोरियलचं फंक्शन घ्या, तेच रिकर्शनवालं, म्हणजे स्वतःलाच कॉल करणारं, एन गुणिले फॅक्टोरियल एन वजा एक. कंट्रोल एफ५ दाबून डीबग सुरू करायचं आणि एफ७ नं आत-आत जायचं. आधी अख्खी ओळ रंगते, मग ओळीतला एकेक तुकडा. एन च्या जागी ३ दिसायला लागतो, मग एन वजा एक या तुकड्याच्या जागी २, आणि मग फंक्शनचा कॉल आला की एक नवीन छोटी खिडकी उघडते, तिच्यात त्याच फंक्शनचा कोड आणि खाली तिचं स्वतःचं एन, ज्याची किंमत २ आहे. त्यातून अजून एक खिडकी, तिथं एन १. मग खिडक्या उलट्या क्रमानं बंद होत जातात आणि प्रत्येक खिडकी बंद होताना तिचं उत्तर मागच्या खिडकीत, जिथून कॉल केला होता बरोबर त्या जागी येऊन बसतं. रिकर्शन फळ्यावर समजावताना सगळ्यात अवघड जातं ते हे, की एन एक नाही, प्रत्येक कॉलचा एन वेगळा आहे. इथं ते सांगावं लागत नाही, तीन खिडक्यांमध्ये तीन एन समोर दिसतात. मी हे दाखवते तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर फरक दिसतो, आणि म्हणून मी थॉनीसाठी इतकी भांडते.

बाकी पण बऱ्याच गोष्टी जागच्या जागी आहेत. व्हेरिएबल्सची यादी बाजूला उघडी ठेवता येते आणि प्रोग्राम चालला की किमती तिथं दिसतात. कंस किंवा अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं तर रंगावरून लगेच कळतं. वरचा बाण दाबला की मागची कमांड येते. पॅकेज टाकायला मेनूत वेगळी खिडकी आहे, टर्मिनल उघडावं लागत नाही. फाइली टॅबमध्ये उघडतात. आणि आयडलचा जो मोठा गुण, प्रोग्राम संपल्यावरही शेलमध्ये सगळं जिवंत राहणं, तो इथं पण आहे, म्हणून मी आयडलनंतर थॉनी म्हणते, सवय मोडावी लागत नाही.

एक अडचण मात्र नक्की येणार. थॉनी आपलं स्वतःचं पायथन सोबत घेऊन येतं. तुम्ही आधी पायथन टाकलेलं, त्यात काही पॅकेज टाकलेली, आणि थॉनीत इम्पोर्ट केलं की मॉड्यूल सापडत नाही म्हणतं. खाली उजव्या कोपऱ्यात कुठलं पायथन चालू आहे ते लिहिलेलं असतं, तिथं क्लिक करून आपलं नेहमीचं पायथन निवडा की झालं. दुसरं म्हणजे तो सुंदर डीबगर मोठ्या लूपवर फार रेंगाळतो, त्यासाठी वेगळा जलद मोड दिलाय, पण त्यात तुकड्या-तुकड्यानं दिसणारी मजा नाही. आणि मोठ्या प्रोजेक्टला थॉनी पुरत नाही, ते त्यासाठी नाहीच.

व्हीएस कोड. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये आणला आणि आज तो सगळीकडे आहे, कामाला बसलात की बहुतेक तोच वापराल, मी पण माझं मोठं काम त्यातच करते आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझा मुद्दा फक्त क्रमाचा आहे. नवीन माणसाला व्हीएस कोड दिला की नमनालाच घडाभर तेल जातं: एडिटर टाका, मग पायथन वेगळं टाका, मग पायथनचं एक्स्टेन्शन टाका, मग इंटरप्रीटर, म्हणजे कोड चालवणारं पायथन, निवडा, यादीत दोन तीन पायथन दिसतात त्यातलं कुठलं ते ठरवा, फोल्डरवर विश्वास ठेवायचा का ते सांगा. प्रोग्राम अजून एकही लिहिलेला नाही.

आणि सेटअप झाल्यावरही एक खड्डा असतो. समजा एक मोठा फोल्डर आहे, त्यात धडा तीन नावाचा फोल्डर, त्यात तुमचा प्रोग्राम आणि त्याच्या शेजारीच नावांची टेक्स्ट फाइल. प्रोग्राममध्ये फक्त नावे डॉट टीएक्सटी उघड असं लिहिलंय. आयडलमध्ये एफ५ दाबलं की चालतं, कारण आयडल प्रोग्राम जिथं आहे त्याच फोल्डरमध्ये जाऊन तो चालवतं. व्हीएस कोडमध्ये मोठा फोल्डर उघडलेला असेल तर टर्मिनल डिफॉल्टनं त्या मोठ्या फोल्डरमध्ये उभं असतं, प्रोग्राम तिथून फाइल शोधतो आणि फाइल सापडत नाही असा एरर येतो. फाइल तर समोर दिसतेय! माणूस स्पेलिंग तपासतो, फाइल परत सेव्ह करतो, शेवटी वैतागतो. वर्किंग डिरेक्टरी ही कल्पना प्रत्येकाला कधीतरी शिकावीच लागते, पण फाइल वाचायला शिकण्याच्या दिवशीच ती अंगावर यायला नको.

पायचार्म या अजून एका एडिटरबद्दल एवढंच की त्याचा डीबगर फार चांगला आहे, प्रोजेक्ट सांभाळायला छान आहे, २०२५ पासून फुकट आणि विकतच्या आवृत्त्या एकत्र करून एकच पायचार्म केलाय, मूळ सोयी फुकटच आहेत. पण मशीनला दम हवा आणि पहिल्या दिवसासाठी तो व्हीएस कोडपेक्षाही जास्त भारी पडतो.

आता राहिला मोठा प्रश्न, पायथनवाल्यांनीच आयडल काढून दुसरं काही द्यावं का. लोक उदाहरण देतात आर्डुइनोचं (छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवणारे), त्यांनी २०२२ मध्ये जुना जावावाला एडिटर मागे टाकून २.० आणला, ऑटोकम्प्लीट आणि डीबगरसकट, आणि तो चांगला आहे. पण आर्डुइनोचा एडिटर हे त्यांचं मुख्य प्रॉडक्टच आहे, बोर्डवर कोड टाकायचा नेहमीचा रस्ता तोच. पायथनचं तसं नाही, पायथन ही भाषा आहे आणि तिच्यासोबत जे येतं ते सगळं सांभाळायची जबाबदारी त्याच लोकांवर पडते. थॉनी सोबत द्या म्हणणं सोपं आहे, पण थॉनीला पायथनबाहेरच्या लायब्ररी लागतात, त्यांच्या आवृत्त्या, त्यांचे बग, सगळं पायथनच्या रिलीजला बांधलं जाईल, आणि थॉनीच्या लोकांना आज हवं तेव्हा नवीन आवृत्ती काढता येते ती मोकळीक पण जाईल. व्हीएस कोडसारखं काही सोबत देणं तर सोडूनच द्या, तो पायथनच्या इन्स्टॉलरपेक्षा मोठा आहे आणि दुसऱ्याच्या हातात आहे.

उलट आयडलला लागतं ते सगळं पायथनमध्येच आहे. इंटरनेट नसेल, ॲडमिनचा पासवर्ड नसेल, दुसरं काही टाकायची परवानगी नसेल, तरी पायथन जिथं बसलंय तिथं बहुतेक आयडल असतंच. किती शिकणारे अशाच मशीनवर बसतात याची कल्पना, ज्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं टाकता येतं त्याला सहज येत नाही. त्यांच्या हातातून आयडल काढलं तर उरतं नोटपॅड आणि टर्मिनलची काळी खिडकी. हां, ३.१३ पासून ती काळी खिडकी बरीच सुधारलीय, एरर रंगीत, अख्खा ब्लॉक परत आणता येतो, ३.१४ मध्ये तर टाइप करतानाच कोड रंगतो. पण ती फाइल लिहायची जागा नाही.

आयडल कोणी सांभाळत नाही हा समज पण बरोबर नाही. २०१३ मध्ये पेप ४३४ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा औपचारिक प्रस्ताव) मंजूर झाला त्यात आयडलसाठी खास सवलत आहे, एरवी पायथनच्या बारीक रिलीजमध्ये फक्त दुरुस्त्या जातात, आयडलमध्ये मात्र सुधारणा पण त्या रिलीजमधून देता येतात. टेरी रीडी यांनी वर्षानुवर्षं हे काम बहुतांशी एकहाती ओढलंय. ओळींचे नंबर, घडी होणारं आउटपुट, पट्टीत गेलेल्या खुणा हे सगळं अशाच थोड्या लोकांच्या कष्टातून आलं. त्यामुळे काढून टाका म्हणणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की तोच वेळ डीबगरवर घातला तर जास्त लोकांचं भलं होईल. प्रिंटच्या आत न शिरणारी स्टेप, फाइलच्या खिडकीतूनच सुरू होणारा डीबगर आणि वरच्या बाणाला मागची कमांड, एवढं झालं तरी माझा निम्मा रिव्ह्यू बदलेल. आणि भाषेसोबत येणारा एडिटर चांगला असू शकतो हे रॅकेट नावाच्या भाषेवाल्यांनी दाखवलंय, त्यांचं डॉक्टर रॅकेट भाषेसोबतच येतं आणि त्यात नवशिक्यांसाठी भाषेच्याच सोप्या पायऱ्या आहेत, पहिल्या पायरीवर जे शिकवलेलं नाही ते वापरलं तर एरर पण त्या पायरीला समजेल असा येतो.

आयडलवरच राहणार असाल तर लगेच करायच्या गोष्टी: ऑप्शन्समधून ओळींचे नंबर चालू करा, फॉन्ट मोठा करा, एफ५ दाबल्यावर दरवेळी सेव्ह करू का विचारतं ते बंद करून आपोआप सेव्हवर ठेवा, डोळ्यांना त्रास होत असेल तर डार्क थीम तिथंच आहे. ऑल्ट ३ नं निवडलेल्या ओळी कॉमेंट होतात, ऑल्ट ४ नं परत येतात. प्रोग्रामला बाहेरून आर्ग्युमेंट द्यायची असतील तर शिफ्ट एफ५.

आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) टाकलेली लायब्ररी आयडलला दिसत नाही म्हणून कोणी आयडल सोडत असेल तर थांबा, त्यासाठी सोडायची गरज नाही. मेनूतून उघडलेलं आयडल हे मेनूतल्या पायथनचं असतं. एन्व्हायर्नमेंट चालू करा आणि त्याच टर्मिनलमध्ये पायथन, स्पेस, डॅश एम, स्पेस, आयडललिब असं टाइप करा, त्या एन्व्हायर्नमेंटचं आयडल उघडेल आणि लायब्ररी दिसेल.